विषय: आफ्रिकानस वगैरे विजयी नावं

काहींचं म्हणणं असतं की रोमन सेनापतीच्या नावाला ‘आफ्रिकानस’सारखा एखादा मुलूख जोडला गेला म्हणजे त्या माणसाने तो जिंकलाच समजायचं. स्किपिओ आफ्रिकानसला ते लागू पडतं, इ.स.पू. 202 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या झामाला कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला हरवूनच त्याने ते कमावलं. पण सरसकट नाही. मार्क अँटनीचा बाप मार्कस अँटोनियस समुद्री चाच्यांच्या बंदोबस्तासाठी निघाला आणि भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटाच्या लोकांकडून सपाटून मार खाल्ला. रोमन इतिहासकार फ्लोरस लिहितो की विजयाची इतकी खात्री होती की गड्याने जहाजांवर शस्त्रांपेक्षा बेड्याच जास्त भरल्या होत्या! क्रीटवाल्यांनी त्याची बरीच जहाजं पकडली आणि कैद्यांना शिडांना, दोरखंडांना लटकवून थाटात बंदरात परतले. अँटोनियसला ‘क्रेटिकस’ (म्हणजे क्रीटचा) नाव चिकटलं ते या पराक्रमामुळे, म्हणजे चक्क टिंगल.

पुढे इ.स.पू. 69 ते 67 मध्ये रोमन सेनापती मेटेलसने क्रीट खरोखर घेतलं, त्यालाही हेच नाव मिळालं. बिचाऱ्याची विजययात्रा मात्र राजकारणात रखडली ती थेट इ.स.पू. 62 पर्यंत. त्यामुळे जुन्या मजकुरात नुसतं ‘क्रेटिकस’ दिसलं तर आधी कुठला ते बघा.