आईबरोबर सामना पाहताना तिला नियम समजावून सांगावेत का?

विश्रामबागकर (सांगली)

आमच्या घरी टीव्हीवरचे क्रिकेट ही बाबांची मक्तेदारी होती. ते पंचांवर ओरडत आणि आई आतून चहा आणून देई, एवढाच तिचा या खेळाशी संबंध. बाबा गेल्यावर सामना लागेनासा झाला. मग २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या वेळी आईच म्हणाली, "आपल्या माधवनगरची मुलगी खेळतेय म्हणे, लाव बरं." तेव्हापासून एकही सामना चुकलेला नाही. मांडीवर सूप घेऊन ती शेंगा फोडत बसते आणि स्मृती मानधना फलंदाजीला आली की शेंग अर्धी फुटलेली तशीच बोटांत राहते. २ नोव्हेंबरचा अंतिम सामना नेमका कार्तिकी एकादशीला आला, त्यात पावसामुळे तो दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाला. तरीही उपासाच्या अंगाने ही बाई मध्यरात्रीपर्यंत जागी होती.

अडचण एवढीच आहे की तिचे प्रश्न संपत नाहीत. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध स्मृती २४ धावांवर यष्टिरक्षकाकडे झेल गेल्याचे ठरून रिव्ह्यूमध्ये, म्हणजे तिसऱ्या पंचांच्या फेरतपासणीत, बाद झाली, तेव्हा आईने विचारले, "पंचांनी बोट वर केलं नाही, पोरीलाही पटत नाही, मग पडद्यावरच्या त्या रेघाच खऱ्या कशावरून?" मी उत्तर जुळवेपर्यंत पुढचे दोन चेंडू होऊन गेले होते. आपण आपल्या आईवडिलांना नियम सामना चालू असताना सांगता, आधी सांगता, की सांगतच नाही?

कृष्णाकाठ

ताई, षटक संपून जाहिरात लागली की सांगावे, चेंडू पडत असताना मुळीच नाही. त्या रेघा म्हणजे यष्टीतील मायक्रोफोनने टिपलेला आवाज असतो; चेंडू बॅटजवळून जाताना नेमक्या त्याच क्षणी रेघ उसळली तर बॅट लागली असे धरतात. हे आमच्या आईला लगेच उमगले, कारण कुकरची शिट्टी आणि दाराची कडी ती आवाजावरूनच ओळखते.

पायचीतला, म्हणजे यष्ट्यांवर जाणारा चेंडू पायाने अडल्यामुळे बाद होण्याला, मात्र वेळ लागला. शेवटी मी पाटावर तांदळाच्या तीन ओळी ओढल्या, एका टोकाला तीन काड्या उभ्या केल्या आणि सुपारी टाकून दाखवली. टप्पा लेग यष्टीच्या, म्हणजे फलंदाजाच्या पायांमागच्या बाजूच्या यष्टीच्या, बाहेर पडला तर फलंदाज पायचीत होतच नाही, पुढचे काही पाहायचेच नाही. टप्पा ठीक असेल, तर पायाला चेंडू यष्ट्यांच्या रेषेत लागला का हे पाहायचे. फटका मारण्याचा प्रयत्नच केला नसेल तर ऑफच्या, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या यष्टीच्या, बाहेर लागलेलाही चालतो. शेवटी तो यष्ट्यांवर गेला असता का, हे पाहायचे. अर्ध्याहून कमी चेंडू यष्टीला लागणार असे दिसले, तर मैदानावरील पंचांचा मूळ निर्णय कायम राहतो. "म्हणजे संशयाचा फायदा पंचालाच," असे आई म्हणाली, आणि यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते.

अजिंक्यतारा (सातारा)

मी याच्या विरुद्ध मताचा आहे. नियम शिकवले की आई आपल्यासारखीच सामना पाहू लागते, मग तिच्या शेजारी बसण्याची गंमत काय राहिली? आमच्या आईसाहेबांचे स्वतःचे नियम आहेत. अंतिम सामन्यात स्मृती आणि शफाली यांची १०४ धावांची सलामी होत असताना त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, म्हणून त्यांना तिथून हलू दिले नाही, आणि गुडघे दुखत असूनही त्या हलल्या नाहीत. पुढे स्मृती ४५ वर बाद झाली, तो दोष मी पाणी मागितल्याचा ठरला. शतक केलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्डचा झेल अमनजोतच्या हातातून उडत उडत अखेर स्थिरावला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ओल्या हातानं साबण धरावा तसा धरला गं बाई!" आता यावर मी कोणता नियम सांगू?

मिरजेचा प्रवासी

आपल्या आईंना एवढे जरूर सांगा की विजय हजारे यांचा जन्मही सांगलीचाच, १९१५ चा, आणि भारताने पहिला कसोटी विजय १९५२ मध्ये मद्रासला मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते. माहेरच्या गावाचा असा संदर्भ मिळाला की प्रश्न कमी होत नाहीत, पण पुढचे सामने निश्चित होतात. आणखी एक सूचना: मोबाईलवरचे प्रक्षेपण बरेच मागे असते, म्हणून टीव्हीवरच पाहा. आमच्याकडे शेजारचे आधी ओरडतात आणि आई चेंडू पडण्यापूर्वीच "गेला का?" विचारते.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे आभार. काल तांदूळ आणि सुपारीचा प्रयोग केला. लेग यष्टीच्या बाहेरचा टप्पा तिने स्वतः तीनदा टाकून पाहिला, थोडा वेळ पाटाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुझे बाबा त्या पंचांवर उगीचच ओरडत होते."