निवडणूक नाही, पण राजकारण थांबलेलं नाही

बरेच जण म्हणतात की युक्रेनमध्ये लष्करी कायदा आहे, निवडणुका नाहीत, म्हणजे लोकांच्या हातात काहीच उरलं नाही. निवडणुकांचं खरंय, तिथल्या कायद्यानुसारच लष्करी कायदा असताना मतदान घेता येत नाही. पण पुढचं अजिबात पटत नाही, कारण त्यात २०२५ चा जुलै सोडूनच दिला जातो. २२ जुलैला संसदेने नाबू आणि सापो या भ्रष्टाचारविरोधी संस्थांना महाभियोक्त्याच्या, म्हणजे देशाच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, हाताखाली आणणारा कायदा घाईघाईने मंजूर केला, झेलेन्स्कींनी त्याच दिवशी सही पण केली, आणि त्याच संध्याकाळी कीवमध्ये फ्रँको थिएटरजवळ पोरंपोरी जमली, हातात खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे, त्यावर मार्करने लिहिलेलं. ल्विव, ओडेसा, खार्किवमध्येही तेच. रात्री संचारबंदी, वर ड्रोनची भीती, तरी दुसऱ्या दिवशी परत हजर. ३१ जुलैला त्याच संसदेने ३३१ मतांनी दोन्ही संस्थांची स्वायत्तता परत दिली, नऊ दिवसांत!

आणि त्याचा उपयोग काय झाला ते पण बघा, नोव्हेंबरमध्ये याच नाबूने एनर्गोअॅटम या सरकारी अणुऊर्जा कंपनीतलं साधारण १० कोटी डॉलरचं लाचेचं प्रकरण बाहेर काढलं, दोन मंत्र्यांची पदं गेली, आणि २८ नोव्हेंबरला घरी झडती झाल्यावर येरमाक, म्हणजे अध्यक्षांचा उजवा हात, त्यांनाही जावं लागलं. अंधारात, हीटिंगशिवाय बसलेल्या माणसाला वीजखात्यातला पैसा खाल्ला जातोय हे कळणं किती जिव्हारी लागत असेल.