‘ट्रॅकिंग’ला काय म्हणावं: मागोवा, पाळत की माग?

वेलांटी:
आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी ‘प्रायव्हसी पॉलिसी’ मराठीत लिहितेय. ‘ट्रॅकिंग’पाशी, म्हणजे कोण काय बघतं याच्या नोंदी ठेवण्यापाशी, अडलेय. ‘मागोवा’ लिहिलं, तर कार्यवाह काका म्हणाले, “हे दिवाळी अंकातल्या लेखाचं नाव वाटतंय.”

अनुस्वार:
काकांचं बरोबर आहे. मागोवा अभ्यासक घेतात. इथे ‘पाळत’ हवं. ज्याच्यावर ठेवली त्याला पत्ता नसतो, हे त्या शब्दातच आहे. जाहिरातीच्या मेलमध्ये एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र डकवलेलं असतं. डोळ्याला दिसत नाही. पण मेल उघडली की ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि मेल किती वाजता उघडली, बऱ्याचदा कुठल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून), हे तिकडे नोंदलं जातं. असल्या प्रकाराला मागोवा?

काना:
पण पाळत ठेवायला माणूस लागतो. टपरीवर पेपर आडवा धरून बसलेला. इथे यंत्र सरसकट सगळ्यांच्या नोंदी करतं. मला ‘माग’ पटतो. पावलांच्या खुणा चालणारा स्वतःच सोडत जातो. कुकी, म्हणजे संकेतस्थळानं ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची नोंद, पुसली तरी स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन जुळवून ब्राउझर ओळखता येतो, तो मागच की. ट्रॅकरला ‘मागकाढ्या’ म्हणू.

अनुस्वार:
‘मागकाढ्या’ श्वानपथकातला वाटतो. पण ‘माग काढणे’ चालेल, ‘नकळत’ जोडलंत तर. बाकी, वेलांटी, शीर्षकात ‘गोपनीयता धोरण’ तर नाही ना लिहिलंत?

वेलांटी:
लिहिलंय. सगळीकडे तेच असतं.

अनुस्वार:
म्हणूनच खटकतं. मंत्री ‘पद आणि गोपनीयतेची’ शपथ घेतात, तिथे गोपनीयता म्हणजे सरकारी गुपित न फोडणं. मी कुठलं पुस्तक नेलं हे काही गुपित नाही, ग्रंथपालांना ठाऊकच असतं. ते खासगी आहे, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी मूलभूत हक्क मानला तो खासगीपणा. शब्दही आपल्यात मुरलेला आहे: होळकरांकडे दौलतीचा, म्हणजे राज्याचा, पैसा वेगळा, खासगी, म्हणजे घराण्याची स्वतःची मिळकत, वेगळी. अहिल्याबाईंचे घाट नि देवळं या खासगीतून झाली.

काना:
‘खासगीपणा धोरण’ ओबडधोबड आहे, पण कळतं तरी.

वेलांटी:
तेच ठेवलं. खाली वाक्य लिहिलं: ‘या संकेतस्थळावर वाचकांचा नकळत माग काढला जात नाही.’ मग सहज तपासलं, तर पानाच्या तळाशी भेटी मोजणारा फुकटातला काउंटर भलत्याच सर्व्हरवरून येतोय आणि कुकीही ठेवतोय. तो काढायला सांगितलाय. तोवर वाक्य रोखून ठेवलंय.