मदत हवी आहे: कवितेचा कीस पाडून मुलीची गोडीच गेली

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याला राहतो, लेक नववीत आहे. लहानपणी बाकीबाब बोरकरांची 'माझ्या गोव्याच्या भूमीत' ही कविता ती आजीच्या मांडीवर बसून चालीत म्हणायची. परवा तीच कविता घेऊन बसली, तर वहीत नारळासमोर लिहिलेलं 'समृद्धीचं प्रतीक'. पुढे प्रत्येक ओळीखाली अलंकार, कल्पना, कवीचा हेतू. शिकवणीत असंच करून घेतात.

मी म्हटलं, "बाय, एकदा मोठ्यानं म्हण बघू." तर म्हणाली, "आई, ते परीक्षेला नसतं."

फार लागलं मला ते. अहो, आमच्या परसात माड आहेत! नारळ आधी नारळ असू दे, मग हवं तर प्रतीक होईल. अर्थ शोधण्याला माझा विरोध नाही. त्या रात्री आम्ही बोटांवर अक्षरं मोजली, मा-झ्या-गो-व्या-च्या-भू-मी-त, आठ. पुढच्या तुकड्यातही आठच. तेव्हा तिचे डोळे चमकले, कारण ती लय तिला आपसूक येत होती, फक्त तिचं कारण ठाऊक नव्हतं. असं विश्लेषण मला हवंच आहे. पण आधीच ठरलेलं उत्तर कवितेवर चिकटवायचं, याला रसग्रहण कसं म्हणायचं?

मराठी शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा: गुण न गमावता तिनं स्वतःला जाणवलेलं उत्तरात कसं मांडावं? आणि पुलं-सुनीताबाई बोरकरांच्या कविता वाचत, त्याचं ध्वनिमुद्रण कुठे मिळेल? तिला ऐकवायचं आहे.