मदत हवी आहे: शेळ्यांच्या जंतांवर औषध लागू पडेनासे झाले आहे, खात्री कशी करून घ्यावी?

नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यातील एका गावात गेली ६ वर्षे शेळीपालन करते. सध्या गोठ्यात लहानमोठी मिळून ३८ जनावरे आहेत. बहुतेक कोकण कन्याळ जातीची, थोडी गावठी. यंदा आषाढात माझ्या तीन शेळ्या दगावल्या आणि त्यांतील दोन जंतनाशक पाजल्यानंतर दगावल्या, म्हणून हा धागा काढत आहे.

लक्षणे सविस्तर लिहिते. तिघींपैकी एकीलाही हगवण नव्हती, त्यामुळे सुरुवातीला मला जंतांचा संशयच आला नाही. शेळ्या कळपाच्या मागे राहू लागल्या, चढावर धापा टाकू लागल्या आणि संध्याकाळी सड्यावरून (कातळाच्या माळावरून) परतल्या की जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज दिसे, जी सकाळपर्यंत बरीचशी ओसरलेली असे. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतील भाग कागदासारखा पांढरा होता. पहिली शेळी गेल्यावर पशुवैद्यकांनी शवविच्छेदन केले. चौथ्या पोटात तांबड्या-पांढऱ्या पिळाचे, दोऱ्यासारखे बारीक जंत इतक्या संख्येने होते की पोटाचे अस्तर जागोजागी दिसत नव्हते. हा हिमोंकस कॉन्टॉर्टस नावाचा रक्त पिणारा जंत असल्याचे त्यांनी सांगितले.

त्यानंतर लगेच सगळ्या कळपाला फेनबेंडाझोल पाजले. पाजण्यापूर्वी ४ शेळ्यांच्या लेंड्या तपासायला दिल्या होत्या. त्यांत दर ग्रॅमला सरासरी १,४०० अंडी निघाली. बाराव्या दिवशी त्याच ४ शेळ्यांच्या लेंड्या पुन्हा दिल्या, तेव्हा सरासरी ८५० आली. मधल्या काळात आणखी दोन शेळ्या गेल्या. त्यांतील एक माझ्या गोठ्यातील सर्वांत जुनी, चार वेताची शेळी होती.

मी आजवर वर्षातून चार वेळा, एकाच दिवशी, सगळ्यांना औषध देत आले. त्यातील एक फेरी नेहमी मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर असते. पहिली ४ वर्षे अल्बेंडाझोल दिले, पुढे औषध बदलायला हवे असे ऐकून फेनबेंडाझोल सुरू केले. वजनकाटा माझ्याकडे नाही, त्यामुळे मोठ्या शेळीला एक माप आणि पाटीला (न व्यालेल्या लहान शेळीला) अर्धे, असा माझा हिशेब राहिला आहे.

माझी पहिली अडचण अशी की, हे खरोखरच जंतांनी औषध पचवण्याचे लक्षण आहे, की माझ्या अंदाजी मापाचा परिणाम आहे, हे कसे ओळखावे? त्यासाठी किती शेळ्या आणि कोणत्या दिवशी तपासाव्यात? शिवाय आमच्या सड्यावर वाडीतील पाच घरांच्या शेळ्या एकत्र चरतात. मी एकटीने औषध बदलून उपयोग होईल का? आणखी एक प्रश्न आई म्हणून विचारते. माझ्या मुलीला जिल्हा परिषदेच्या शाळेत जंतनाशक दिनाला जी गोळी मिळते, तीही अल्बेंडाझोलचीच असते. गोठ्यातील हे जंत घरात शिरण्याची भीती आहे का?

---

प्रतिसाद १ (निवृत्त पशुधन विकास अधिकारी, रत्नागिरी जिल्हा)

ताई, आपण लक्षणे इतक्या नेमकेपणाने टिपली आहेत की निदानाबाबत शंका उरत नाही. हगवण नसणे हीच हिमोंकसची खूण आहे. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो; पोटात दोन हजार जंत असतील तर शेळी रोज सुमारे १०० मिलिलिटर रक्त गमावते. मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते आणि आपल्याकडच्या उबदार, ओल्या हवेत आठवडाभरात त्यांपासून संसर्गक्षम अळ्या तयार होऊन गवताच्या पात्यावर चढतात. कोकणातील पावसाळा या जंतासाठी मुद्दाम बेतल्यासारखा आहे.

आता आपला मुख्य प्रश्न. आपल्या आकड्यांवरून अंड्यांतील घट सुमारे ३९ टक्के निघते. औषध नीट काम करत असेल तर ही घट ९५ टक्क्यांच्या वर असावी लागते. परंतु केवळ ४ शेळ्यांवरून आणि अंदाजी मापावरून जंतांना औषधाचा प्रतिकार आल्याचा शिक्का मारणे योग्य होणार नाही. शेळीचे शरीर मेंढीपेक्षा औषध लवकर बाहेर टाकते, त्यामुळे मेंढीच्या प्रमाणात पाजलेले औषध शेळीला अपुरे पडते, ही गफलत मी नोकरीच्या काळात असंख्य ठिकाणी पाहिली. म्हणून चाचणी पुन्हा करा. दर ग्रॅमला किमान १५० अंडी असलेल्या १० ते १५ शेळ्या निवडा, प्रत्येकीचे वजन काट्यावर करा, बाटली चांगली हलवून औषध जिभेच्या मुळाशी सोडा आणि चौदाव्या दिवशी त्याच शेळ्यांच्या लेंड्या थेट गुदद्वारातून घेऊन मॅकमास्टर काचपट्टीवर मोजून घ्या. चौदावा दिवस सांगण्यामागे कारण आहे. फेनबेंडाझोलसारख्या औषधाने काही दिवस जंताच्या मादीचे अंडी घालणे तात्पुरते थांबू शकते, म्हणून फार लवकर तपासले तर खोटे समाधान मिळते. आणि नव्याने पोटात गेलेली अळी अंडी घालू लागण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून चौदाव्या दिवशी दिसणारी अंडी ही औषधातून वाचलेल्या जंतांचीच असतात.

औषध बदलल्याचे आपण लिहिले आहे, पण तो बदल नावापुरताच झाला. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही दोन्ही बेंझिमिडाझोल गटातील. ती जंताच्या पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून काम करतात. त्या प्रथिनात २०० व्या जागेवरचे फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल जाऊन तेथे टायरोसिन हे दुसरे आले, की औषधाला चिकटायला जागाच राहत नाही, आणि मग त्या गटातील एकही औषध धड चालत नाही. या गटातील पहिले औषध, थायबेंडाझोल, १९६१ साली बाजारात आले आणि १९६४ सालीच हिमोंकसमध्ये त्याला प्रतिकार आढळला होता. लिव्हॅमिसोल, आयव्हरमेक्टिन आणि क्लोझँटेल हे मात्र तीन वेगळे गट आहेत. त्यांचे माप मी येथे लिहीत नाही, कारण लिव्हॅमिसोलमध्ये उपयोगी आणि विषारी मात्रेतील अंतर कमी आहे आणि क्लोझँटेल जास्त झाल्यास जनावर आंधळे होते. ते आपल्या पशुवैद्यकांकडूनच, वजन करून ठरवा.

मे महिन्यातील फेरीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही पद्धत आम्हीच गावोगाव सांगितली आणि आज मला ती जशीच्या तशी सांगवत नाही. वैशाखात आपला सडा करपलेला असतो आणि कातळावर अळी तग धरत नाही. म्हणजे त्या वेळी गावातील जवळजवळ सगळे जंत शेळ्यांच्या पोटातच असतात. तेव्हा सरसकट औषध पाजले की साधे जंत मरतात, औषध पचवणारे तेवढे उरतात आणि पहिल्या पावसानंतर हिरव्या सड्यावर केवळ त्यांचीच अंडी पडतात. याउलट काही धडधाकट शेळ्या औषधाविना ठेवल्या, तर त्यांच्या पोटातील साध्या जंतांची अंडीही सड्यावर पडतात आणि प्रतिकारक जंतांचे प्रमाण पातळ राहते. दक्षिण आफ्रिकेत याच विचारातून पापणीच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ता तयार झाला, ज्याला फमाचा म्हणतात. पापणी लाल किंवा गुलाबी असलेल्या शेळीला औषध द्यायचे नाही, फिकट आणि पांढरी असलेलीला लगेच द्यायचे. पावसाळ्यात ही पाहणी दर दोन आठवड्यांनी करावी लागते. कळपातील बहुतांश जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात, त्यामुळे त्या ओळखता आल्या की निम्मे काम होते.

मुलीची काळजी करू नका. शाळेतील गोळी माणसाच्या पोटातील गोल जंत, अंकुशकृमी आणि चाबूककृमी यांच्यासाठी असते. त्या जाती वेगळ्या आहेत. हिमोंकस हा रवंथ करणाऱ्या जनावरांचा जंत आहे आणि त्याची माणसाला बाधा होणे अत्यंत दुर्मीळ आहे. गोळी अवश्य द्यावी.

---

प्रतिसाद २ (शेळीपालक, गुहागर तालुका)

वरील प्रतिसादाला माझ्या अनुभवाची जोड देतो. अळ्या गवताच्या बुडाकडील चार बोटांतच जास्त असतात, हे कळल्यापासून मी पावसाळ्यात शेळ्या आखूड गवतावर सोडत नाही. सकाळी दव आणि पाणी निथळेपर्यंत त्या गोठ्यातच, माचावर असतात, आणि फणस व उंबराचा पाला बांधून टांगलेला असतो. शेळी मुळात वर मान करून खाणारे जनावर आहे. तिला जमिनीलगत चरायला आपण लावतो. मजुरी वाढते हे खरे, पण गेल्या दोन पावसाळ्यांत मला सगळ्या कळपाला एकाच वेळी औषध द्यावे लागलेले नाही.

एक विचारतो, राग मानू नये: बाहेरून आणलेले एखादे जनावर कळपात आहे का?

---

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचीही मी मनापासून ऋणी आहे. आपला प्रश्न वाचून मी जुनी वही काढली. दोन वर्षांपूर्वी घाटावरून एक बोकड आणला होता आणि त्याला त्याच संध्याकाळी कळपात सोडले होते. प्रतिकारक जंत त्याच्यासोबत आले की माझ्या मे महिन्यातील फेऱ्यांनी येथेच वाढले, हे आता सांगता येणार नाही. कदाचित दोन्ही घडले असेल. चार वेताच्या त्या शेळीची पापणी मी महिनाभर आधी ओढून पाहिली असती तर ती वाचली असती, हे मात्र मनातून जात नाही.

काल दूध सोसायटीकडून वजनकाटा आणला आणि सगळ्या शेळ्या तोलल्या. मी ज्यांना एकच माप देत होते, त्यांतील सर्वांत हलकी २२ किलोची आणि सर्वांत जड ४१ किलोची निघाली. जड शेळ्यांना मी इतकी वर्षे अपुरे औषध देत होते, हे आकड्यात पाहिल्यावर फार वाईट वाटले. पापण्याही तपासल्या: ७ शेळ्या पांढऱ्या किंवा फार फिकट, ११ मधल्या, बाकीच्या चांगल्या. पशुवैद्यकांनी त्या ७ जणींना वजनाप्रमाणे लिव्हॅमिसोल पाजले. त्यांच्या लेंड्या आधी घेऊन ठेवल्या आहेत, पुन्हा केव्हा घ्यायच्या तो दिवस तेच सांगणार आहेत. मधल्या ११ जणींवर वजन करून अल्बेंडाझोलची चाचणी करणार आहे, म्हणजे मापाचा दोष होता की जंतांचा, याचा उलगडा होईल. बाकीच्यांना काहीच दिलेले नाही.

वाडीतील पाचपैकी तीन घरे पापणी पाहून औषध देण्यास तयार झाली आहेत. उरलेल्या दोन घरांचे म्हणणे असे की, सगळ्यांना पाजले म्हणजे निदान मनाला धास्ती राहत नाही. त्यांना चुकीचे ठरवण्याची माझी इच्छा नाही, कारण परवापर्यंत मीही तेच करत होते. सामायिक सड्यावर अशी सहमती कोणी घडवून आणली असेल, तर ती कशी घडवली हे कृपया लिहावे. दोन्ही चाचण्यांचे आकडे हाती आले की मी ते याच धाग्यावर देईन.