दादाच्या मोटरसायकलचा अपघात: वेग आणि हेडलाइटचा पुरावा कसा जपायचा?

धाकटी_बहीण (प्रश्न):
समोरून येणारी कार अंधारात दादासमोर आडवी वळली आणि तो तिच्या मागच्या दारावर आदळला. आज 12 दिवस झाले, तो अंथरुणावर आहे. कारवाला म्हणतो, मोटरसायकल 80 च्या वेगात होती आणि हेडलाइट बंद होता. दादाला तो क्षणच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी जागेवर गेले होते. टायरचा एकच बारीक, किंचित नागमोडी काळा पट्टा होता. टेपने मोजला, 14 मीटर. फुटलेल्या काचा पडल्या होत्या तिथेच तो संपतो. मेकॅनिक विचारतोय, उद्या गाडी खोलू का? केस कोर्टात जाणार आहे.

खूण_वाचणारा:
ताई, आधी गॅरेजला फोन करा, मग पुढचं वाचा. गाडी खोलायची नाही, धुवायची नाही, आणि हेडलाइट चालतो का हे बघायला चावी तर अजिबात फिरवायची नाही.

हॅलोजन बल्ब असेल तर तुमचा साक्षीदार त्या काचेत बसलाय. पेटलेल्या बल्बची तार तापून मऊ झालेली असते. जोराच्या धडकेत ती ओढल्या स्प्रिंगसारखी ताणली जाते, वाकडी होते. बल्ब बंद असेल तर तार तशीच राहते किंवा कडक तुटते, टोक स्वच्छ, चकचकीत. पेटलेला असताना काच फुटली तर आत हवा शिरून पांढुरकी-पिवळट पूड धरते. कुणी नंतर बटण दाबलं की हा फरक पुसला जाऊ शकतो. एलईडी असेल तर हा मार्ग बंद.

आता वेग. पुढचं चाक लॉक झालं की गाडी क्षणात आडवी पडते, 14 मीटर उभी राहत नाही. म्हणजे बहुधा मागचं चाक लॉक होतं. मागच्या टायरवर एका जागी घासून सपाट झालेला डाग असेल, त्याचा फोटो काढा. कोरड्या डांबरावर नुसत्या मागच्या चाकासाठी घर्षणाचा गुणांक (रस्त्यावरची पकड) 0.4 धरला, तर 14 मीटरमध्ये साधारण ताशी 38 किमीच्या वेगाइतकी ऊर्जा जाते. पण पट्टा काचांपाशी संपतो, म्हणजे तिथे गाडी थांबली नव्हती, आदळली होती. घासण्यात गेलेला वेग आणि आदळतानाचा वेग सरळ मिळवायचे नाहीत, त्यांचे वर्ग मिळवायचे आणि बेरजेचं वर्गमूळ काढायचं. 35 ने आदळली असेल तर सुरुवात 51 च्या आसपास. कारवाल्याचे 80 खरे असतील, तर 14 मीटर घासूनही ती 70 ने आदळली पाहिजे. दादाने पुढचा ब्रेकही पूर्ण दाबला होता असं धरलं तरी 60 च्या वर. तशी मोडतोड पुढच्या फोर्कवर आणि कारच्या दारावर दिसलीच पाहिजे. म्हणून दोन्ही चाकांच्या मधलं अंतर किती कमी झालंय ते मोजून ठेवा आणि कारच्या दाराचे फोटो मिळवा. तिची दुरुस्ती लवकर होते.

आणखी एक. मोटरसायकल अपघातांचे संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागात 900 अपघात प्रत्यक्ष जागेवर तपासले. 1981 च्या त्यांच्या अहवालात हाच प्रकार पुन्हा पुन्हा येतो: कारवाल्याला मोटरसायकल दिसलीच नाही, किंवा उशिरा दिसली. तेव्हा 'लाइट बंद होता' हे तो मनापासूनही सांगत असेल. त्याला खोटारडा म्हणू नका, बल्ब बोलेल.

केसवाली_वकील:
हेल्मेट, फाटलेलं जाकीट, बूट, सगळं न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते. वस्तू कुणाकडून कुणाकडे, कधी गेली, ते तारखेसह लिहून सही घ्या. गाडीची तपासणी दुसऱ्या बाजूला कळवूनच करा. त्यांच्या माघारी केलेल्या तपासणीवर कोर्टात फार वेळ जातो.

रात्रपाळी:
आसपास कॅमेरे असतील तर आजच जा, जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. आमच्या केसमध्ये रेकॉर्डरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. वेळ जुळेना, सगळे गोंधळले. म्हणून रेकॉर्डरच्या पडद्याशेजारी मोबाइलचं घड्याळ धरून फोटो काढा.

धाकटी_बहीण:
मेकॅनिकला थांबवलं. बल्ब हॅलोजनचाच आहे, काच शाबूत. हात न लावता टॉर्च मारून फोटो काढला. एक तार सरळ आहे, दुसरी खाली लोंबल्यासारखी वाकली आहे. लोंबणारी लो बीमची (जवळचा उजेड देणारी) का, ते तज्ज्ञ बघतील. मागच्या टायरवर सपाट डाग आहे, तळहाताएवढा. आता कॅमेऱ्यांसाठी निघतेय.