खोकल्यातून रक्त : 'हिमॉप्टिसिस' हा शब्द तुमच्या घरात कसा आला?

मागच्या पावसाळ्यात आईच्या केसपेपरवर पहिल्या ओळीत एकच शब्द होता, हिमॉप्टिसिस. अर्थ विचारला तर "आधी सीटी करून या" एवढंच उत्तर मिळालं. दवाखान्याचा जिना उतरताना मोबाइलवर एकेक अक्षर लावून शोधलं. ग्रीकमध्ये हायमा म्हणजे रक्त आणि प्टिसिस म्हणजे थुंकणं. पण तोंडातून आलेलं कुठलंही रक्त नव्हे. स्वरयंत्राच्या खालून, श्वासनलिकेतून नाहीतर फुप्फुसातून खोकल्याबरोबर वर येतं ते.

आईला हे दोन दिवस होत होतं. "मी बघतोय की परवापासनं, तुम्ही घाबरशिला म्हणून बोललो नाही," म्हणाली. मोरीच्या कोपऱ्यात तिनं मरून रंगाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ठेवला होता. त्या रंगावर डाग दिसत नाही, म्हणून मुद्दाम तोच.

कोल्हापूर आणि आजूबाजूच्या गावांत ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी या धाग्याखाली लिहावं. काय दिसलं, तेव्हा काय वाटलं, शेवटी काय निघालं. नाव नको, गाव पुरे.

शिरोली एमआयडीसी
फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला आहे, अकरा वर्षं झाली. सकाळचा बेडका काळा पडतो, त्याची सवय असते. एका रविवारी त्यात लाल रेघा दिसल्या. आदल्या रात्री तांबडा रस्सा ओरपला होता, त्याच्यावर ढकललं आणि गप बसलो. पुढच्या आठवड्यात रस्सा नव्हता, रेघा होत्या. थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधायची तपासणी केली, टीबी निघाला. डॉक्टरांनी काम काय करता विचारलं. म्हणाले, वाळूतली सिलिका फुप्फुसात बसते आणि अशा माणसाला टीबी लवकर धरतो. सहा महिने गोळ्या घेतल्या, दोन महिने चार औषधं आणि मग चार महिने तीन. पहिल्याच दिवशी लघवी लालसर झाली, वाटलं आता तिथूनही रक्त. तो रिफाम्पिसिनचा रंग असतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र जागून काढावी लागली नसती. शेडमधल्या पोरांना मी आता हे पहिलं सांगतो. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षयचे महिना १००० रुपये खात्यावर यायचे, त्यात अंडी भागायची.

कसबा बावडा, निवृत्त परिचारिका
नातेवाईक धावत येतात आणि "रक्ताची उलटी झाली" म्हणतात. निम्म्या वेळा ती उलटी नसतेच. म्हणून आम्ही विचारायचो, आधी खोकला आला की मळमळ? रक्तात फेस होता का? अन्नाचे कण होते का? फुप्फुसातलं रक्त लालभडक, फेसाळ, कफात मिसळलेलं असतं. पोटातलं बहुतेक वेळा काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं, आणि नंतर शौचाला डांबरासारखी काळी होते. दोन्ही गंभीरच, पण तपासणी वेगळी आणि डॉक्टरही वेगळे. लाजून थुंकी ओतून देऊ नका, झाकणाच्या बाटलीत धरून आणा. रक्त जास्त पडलं किंवा धाप लागली तर थेट १०८. कुठल्या बाजूचं फुप्फुस बिघडलंय हे माहीत असेल तर माणसाला त्याच कुशीवर निजवा, म्हणजे रक्त चांगल्या बाजूला उतरत नाही. यात जीव जातो तो अंगातलं रक्त संपून नव्हे, बहुतेकदा श्वास कोंडून जातो.

राधानगरी
आमच्या आत्याचं रक्त हिरड्यांचं निघालं. चाळीस वर्षांची मिश्री. दोन एक्स-रे कोरे आल्यावर दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं. तोंड आधी बघायला हवं होतं.

गडहिंग्लज
थोरल्या बहिणीला सातवा महिना होता. रात्री आडवं पडलं की धाप लागायची आणि खोकल्यात गुलाबी फेस यायचा. सासरी सगळ्यांनी टीबीच ठरवला आणि तिचं ताट-वाटी वेगळं केलं. थुंकीत काहीच नव्हतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केल्यावर कळलं की हृदयाची झडप आकसली होती. लहानपणी तिला ताप यायचा, गुडघे सुजायचे, आम्ही तेल चोळायचो. तो संधिवाताचा ताप होता आणि त्यानंच झडप बिघडली. रक्त पुढं सरकत नाही, फुप्फुसात दाब साचतो, बारीक नसा फुटतात. पोटुशी बाईच्या अंगात रक्त वाढलेलं असतं, म्हणून ते दुखणं तेव्हाच बाहेर पडलं. फुग्यानं झडप उघडली, बाळंतपण सुखरूप झालं. वेगळ्या ताटाबद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नाही. माहेरी आली की मात्र आईच्याच ताटात जेवते.

इचलकरंजी
अण्णा मागावर होते, विडी ओढायचे. रक्त एकदाच पडलं, रुपयाएवढं. मग थांबलं. थांबलं म्हणून आम्ही सगळे निवांत झालो. चार महिन्यांनी त्यांचा आवाज बसला, तेव्हा फोटो काढला. गाठ होती, आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. रक्त थांबलं म्हणजे कारण गेलं असं नसतं, एवढं सांगायलाच मी लिहिलंय.

धागा काढणारा
इचलकरंजीच्या ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

आईचं सांगतो. तिला पस्तीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता, पुरता बरा झाला होता. पण त्यानं फुप्फुसात एक पोकळी मागं ठेवली आणि त्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढला, अस्परजिलोमा. फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी येतं. त्यातल्या ब्राँकियल धमन्या महाधमनीकडून येतात, त्यांच्यात दाब जास्त असतो, आणि मोठा रक्तस्राव बहुतेकदा तिथूनच होतो. जांघेतून बारीक नळी घालून ती धमनी आतून बुजवली. आई जागी होती. "छातीत ऊन पाणी सोडल्यागत वाटलं," म्हणाली. रक्त पुन्हा येऊ शकतं असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं.

आता तिच्या उशाशी पांढरा रुमाल असतो. सकाळी खोकून झालं की ती रुमाल उजेडात धरते आणि मला हाक मारते, "ये बघ जा, पांढराच हाय."